गोधडीचं माप

आमच्याकडं गोधडी शिवून घ्यायचा दर सगळ्यांना ठाऊक असतो. गोधडीची किंमत कुणालाच ठाऊक नसते. संक्रांत उलटून उन्हं चरचरू लागली की नांदेडच्या तरोड्याकडच्या कॉलन्यांमधून बायका हाळी देत फिरतात, "गोधड्या शिवायच्या का, गोधड्याऽ". कापड आपलं, दोरा कधी आपला कधी त्यांचा, जागा आपल्याच अंगणातली नाहीतर गच्चीवरची. किती पदरी, टाका दाट की पातळ, एकट्याची की दोघांची एवढं विचारून त्या दर सांगतात आणि घासाघीस सुरू होते. हाताचं काम आहे, हाताचे पैसे द्यायचे, यात कुणाला वावगं वाटत नाही. पण हीच गोधडी कापडासकट, दोऱ्यासकट, घडी घालून टेबलावर मांडली आणि वर किमतीची चिठ्ठी लावली, की तीच गिऱ्हाइकीण दोन पावलं मागं सरते. "गोधडी इकत घ्यायची? कामून?"

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा गल्लीतल्या बायकांच्या बचत गटाची वही माझ्याकडं आली. गणिताच्या बाई, दुसरं काय. गट गोधड्या शिवतो आणि विकतो, निदान विकायचा प्रयत्न करतो. जमाखर्च लिहिता लिहिता एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. कापड मिळतं, हात आहेत, जत्रा-बाजार आहेत, बँकेचं कर्जही मिळतं. गाडी अडते ती मापापाशी.

माझं माहेर उदगीरकडचं. आजी उन्हाळ्यात लिंबाच्या सावलीला गोधडी शिवायला घ्यायची. खाली एक धड लुगडं, मध्ये विरलेली धोतरं, आजोबांच्या अंगरख्यांचे तुकडे, परकर, गळ्याशी फाटलेली पोलकी, आणि वर पुन्हा एक बरं लुगडं, शक्यतो इरकल. इरकलीचा काठ चौफेर यावा म्हणून तो उसवून वेगळा जोडायचा. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणायचं, हातानं सारखं करत मोठे कच्चे टाके घालायचे आणि मग कडेपासून धावदोरा सुरू. एक फेरा पुरा झाला की बोटभर आत दुसरा, मग तिसरा. शिवणारी गोधडीवरच बसते, तिच्याच वजनानं कापड ताणलेलं राहतं, आणि जसजसे फेरे आत येतात तसतशी तीही सरकते. तर्जनीवर सुईनं पडलेली भोकं इतकी असत की पिठलं करताना त्यांना मीठ लागलं तरी आजी चुळबुळ करायची. शेवटी मधोमध वीतभर चौकोन उरायचा. त्यात चिमूटभर हळद-कुंकू आणि भाकरीचा लहानसा तुकडा घालून तो बंद करायचा. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, असं आमच्याकडं सांगत.

या गोधडीला माप होतं, पण ते माणसाचं. आजोबा उंच, त्यांची गोधडी चार वीत जास्त. आत्याला दम्याचा त्रास, तिची दोनच पदरी, छातीवर ओझं नको. धाकट्या काकाला लाथा झाडायची सवय, त्याच्या पायथ्याला धोतराऐवजी मांजरपाट. कुठली गोधडी कुणाची ते अंधारात हात लावून कळायचं. आता अशी वस्तू बाजारात मांडायची, म्हणजे जिला अजून माणूसच ठरलेला नाही अशी गोधडी शिवायची. गटातल्या बायकांना सुरुवातीला हेच जमत नव्हतं. कापड अंथरून बसायच्या आणि मला विचारायच्या, "बाई, कुणासाठी हाय?" कुणासाठीच नाही, विकायला आहे, म्हटलं की हात थबकायचे. किती पदरी घ्यायची, केवढी कापायची, मध्ये भाकरीचा तुकडा घालायचा का? शेवटचा प्रश्न मला तेव्हा गमतीचा वाटला होता. वास्तविक त्यातच सगळं आलं. (तुकडा घालत नाही. दुकानात ठेवलेल्या मालाला उंदीर लागतात. हळद-कुंकू मात्र घालतात, मी काही म्हटलं नाही.)

मापाचं अगदी दुसरं टोक पाहायचं तर त्यासाठी नांदेड सोडावं लागत नाही. इथल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. कापड उदगीरच्या केंद्रात हातमागावर विणलं जातं, प्रक्रियेला अहमदाबादला जातं आणि परत नांदेडला येऊन त्याचा तिरंगा होतो. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, आकार नऊच. सगळ्यांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यांत लहान १५० बाय १००. सुताची जाडी, विणीची घनता, रंगाची छटा, शिलाई, सगळं भारतीय मानकात बांधून दिलेलं; त्यात बसलं नाही तर तो झेंडा नव्हे. म्हणजे माझ्या माहेरच्याच मुलखात एका बाजूला असं कापड विणलं जात होतं की ज्याला सूतभर इकडंतिकडं चालत नाही, आणि दुसऱ्या बाजूला लिंबाखाली आजी विती मोजत होती. दोन्ही हातानंच. मला या गोष्टीचं नवल वाटायचं थांबलेलं नाही. पण काटेकोर मापानं हातकाम वाचतं असंही समजायला नको. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल झाला, यंत्रावर केलेल्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यांनाही वाट मोकळी झाली, आणि पुढच्याच ऑगस्टला घरोघरी तिरंगा लागला तेव्हा खादीचा झेंडा कितीला आणि पॉलिस्टरचा कितीला हे गल्लीतल्या पोरांनासुद्धा कळलं.

गट म्हणजे काय, हे लातूरच्या बायकांना नव्यानं सांगायला लागत नाही. गणपती विसर्जनाच्या त्या रात्रीनंतर, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली. पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं घरं बांधायचा मोठा कार्यक्रम आला, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढं आल्या. घराचा नकाशा कसा, सिमेंट कुठं अडलं, इंजिनिअर का आला नाही, हे सगळं विचारायला ज्या बायका उंबऱ्याबाहेर आल्या, त्या घरं उभी राहिल्यावर आत गेल्या नाहीत. त्यांचेच पुढं बचत गट झाले. माझ्या गटात एक मावशी लातूर जिल्ह्यातल्या औशाकडून लेकीकडं राहायला आलेल्या आहेत. तहसीलदारासमोर बोलायची त्यांना भीती नाही. गिऱ्हाइकासमोर मात्र त्या गप्प होतात. साहेबापुढं हक्काचं मागायचं असतं, बाजारात आपणहून किंमत सांगावी लागते. या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत ते त्यांच्या तोंडाकडं बघून समजतं.

एकदा एका प्रशिक्षणात शहरातून आलेल्या एका मुलीनं बायकांना फळ्यावर यादी काढून दिली. लॅपटॉपचं कव्हर, सोफ्याच्या उशीचे अभ्रे, टेबलावरच्या पट्ट्या, बाटलीचं कव्हर. कसल्या बाटलीचं हे तिनं सांगितलं नाही, आणि बायकांनीही विचारलं नाही. मुलगी हुशार होती, रंग जुळवायचे दोन-तीन चांगले धडे तिनं दिले. गुलाबीला हिरवा सोडून दुसरा शेजार असू शकतो हे आम्हांला तिच्यामुळंच उमजलं. पण तिच्या डोळ्यांपुढं पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक होतं. नांदेडच्या इतवाऱ्यात, वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत येणारं गिऱ्हाईक तिनं पाहिलेलं नव्हतं.

गंजगोलाई पाहिली की स्थानिक बाजाराची रीत लक्षात येते. १९१७ च्या सुमाराची ती गोल पेठ, मधोमध जगदंबेचं देऊळ, आणि भोवतीनं फुटणारे सोळा रस्ते; हा रस्ता सोन्याचा, तो कापडाचा, पलीकडचा भांड्यांचा. माणूस तिथं सहसा भटकायला येत नाही. काहीतरी कारण घेऊन येतो. लेकीचं लग्न, सुनेचं डोहाळजेवण, नातवाचं बारसं, नवरात्र, दिवाळसण. खरेदीची यादी त्या कारणानंच ठरवलेली असते, आणि ती यादी आजीपासून चालत आलेली असते. मग वस्तू विकायची तर तिला आधी एखाद्या कारणात जागा मिळाली पाहिजे.

रुखवताकडं बघा. आमच्या लहानपणी घरात लग्न ठरलं की चुलत-मावस बहिणी महिना-महिना बसून मोत्यांची तोरणं, लोकरीचे रुमाल, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, भरतकामाचे ताटरुमाल करायच्या. आता मुली नोकरीला, बहिणी चार गावांना. पण मांडवात रुखवत मांडलेलं दिसलंच पाहिजे. म्हणून तयार रुखवत विकणाऱ्या बायका आल्या आणि त्यांच्यापुढं जाऊन भाड्यानं देणाऱ्याही आल्या. लग्न लागलं की संध्याकाळी सगळं परत, तोरणासकट! कुणी याला नावं ठेवतील. मला यात एक शहाणपण दिसतं. कुणाही सल्लागाराला न विचारता बायकांनी हेरलं की घरातून गेलेलं काम बाजारात कुठल्या दारानं परत येतं.

आमच्या गटाला असंच एक दार सापडलं, बाळंतविड्याचं. कुंची, टोपडं, झबली, लंगोट, दुपटी आणि पाळण्यातली गोधडी. हा संच नवा नाही, कुणी बसून आखलेला नाही. आजोळच्या माणसांनी काय घेऊन जायचं ते पिढ्यान्पिढ्या ठरलेलंच आहे. बायकांनी फक्त तो एका कापडाच्या बासनात बांधून ठेवला. गिऱ्हाइकिणीला समजावून सांगावं लागत नाही. तिला लेकीच्या सासरी जायचं असतं, हातात काहीतरी शोभेल असं हवं असतं आणि शिवायला वेळ नसतो. "गोधडी इकत घ्यायची? कामून?" म्हणणारी हीच बाई बाळंतविडा मात्र उघडून, उलटून, कुंचीचा गोंडा ओढून बघते आणि पैसे मोजते.

पण इथंही एक गाठ होती. तान्ह्या बाळाला जुनं कापड हवं. आजीच्या शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्याइतकं मऊ काही नसतं, आणि त्या कापडात घरातल्या थोरांची माया आली, असं मानतात. म्हणून बायकांनी आधी जुन्या साड्या गोळा केल्या. त्या भांडेवालीकडं जाण्याआधी मिळवायच्या म्हणजे काम सोपं नव्हतं. आता घरोघरच्या कपाटात सिंथेटिकच फार, आणि त्यावर धावदोरा धरत नाही, कापड सुईखालून निसटतं, शिवाय अंगाचा घाम टिपत नाही. तरी सुती साड्या मिळवल्या, उकळून धुतल्या, सुरेख दुपटी केली. गिऱ्हाइकीण हातात घेऊन गालाला लावायची, वा म्हणायची आणि मग हळूच विचारायची, "कुणाचं नेसलेलं?" प्रश्न रास्त. आपल्या आजीचं लुगडं म्हणजे आशीर्वाद. परकीचं म्हणजे कोण जाणे कुणाचं, सवाष्णीचं की कुणा गेलेलीचं, कुठल्या आजारातलं. यात जातीचाही एक न बोललेला वास असतो, तो नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. गटातल्या एका मामींना या प्रश्नाचा फार राग यायचा. त्या म्हणायच्या, "हातानं शिवलेलं चालतंय, अंगावरचं चालंना." शेवटी नवं मलमल आणायचं ठरलं. खळ निघून मऊ पडेपर्यंत ते पुन्हा पुन्हा धुवायचं, उन्हात वाळवायचं, मग कापायचं. जुनेपणा विकत घेता येत नाही, पण पाण्या-साबणानं थोडाफार आणता येतो. त्याचा खर्च वहीत वेगळ्या रकान्यात लिहिते.

याच्या उलटही झालं. एक प्राध्यापक बाई आईच्या साड्यांचं बोचकं घेऊन आल्या. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिघी बहिणी, तिघींना एकेक गोधडी, पण साड्यांची वाटणी अशी हवी की प्रत्येकीत प्रत्येक साडीचा थोडा भाग यावा. त्या दिवशी बायका कितीतरी वेळ साड्या नुसत्या उलगडत बसल्या. ही नारायणपेठ लग्नातली असणार, ही रोजची, इथं हळदीचा डाग धुतलेला, इथं रफू केलेलं आणि तेही स्वतःच केलेलं, टाका बघा. गोधडी कुणासाठी आहे हे एकदाचं ठरलेलं होतं आणि कुणाचाच हात थबकला नाही. अशा ऑर्डरी आता येतात. कापड गिऱ्हाइकाचं, म्हणजे आपला जुनाच दरवाला व्यवहार, फक्त आता बायका दर सांगतात आणि गिऱ्हाईक घासाघीस न करता मान डोलावतं.

किमतीचा घोळ राहिलाच. पाळण्यातली गोधडी दाट टाक्याची करायची तर एका बाईचे भरलेले दोन दिवस जातात. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर होता दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे नुसत्या मजुरीचेच ६२४, कापड-दोरा वेगळा. टेबलावर शेजारी पानिपतचं ब्लँकेट याच्या निम्म्यात मिळतं, वाघाचं चित्र असलेलं, गुबगुबीत. पानिपतात पुष्कळसा माल जुने लोकरी कपडे पिंजून, पुन्हा कातून केलेला असतो. म्हणजे तेही चिंध्यांचंच की. पानिपताशी आपलं वैर जुनं आहे, आणि या खेपेलाही रसद त्यांचीच भारी. तेव्हा गटात दोन मतं पडली. टाका लांब करा, एका दिवसात गोधडी होईल, किंमत उतरेल, असं तरुण सुनांचं म्हणणं. कडेचे फेरे मशीनवर मारा, मधलं हातानं करा, असंही एकीनं सुचवलं, आणि ते व्यवहाराला धरून होतं. मावशी ऐकून घेत होत्या. मग त्यांनी एक जुनी गोधडी काढली, विरळ टाक्यांची, आणि चिमटीत धरून ओढली. आतला थर गोळा होऊन एका कोपऱ्यात गेला. "दोन धुण्यांत अशी हुईल. मग ती बाई पुन्ना येती का आपल्याकडं?"

टाका तसाच ठेवून गोधडीच लहान करायची असं ठरलं, आणि माझ्या मते आमच्या सगळ्या धडपडीतला हा एकच खरा निर्णय. विरळ टाक्याची मोठी वस्तू हाताची अब्रू घालवते. दाट टाक्याची लहान वस्तू परवडते आणि टिकते. पाळण्यातली गोधडी, देवापुढचं आसन, पोथीचं बासन, भाकरीच्या टोपल्यातला दुपदरी रुमाल, चुलीवरचं भांडं उतरायचं धरणं, बटवा. शेवटच्या दोन वस्तू कापून उरलेल्या तुकड्यांच्या, त्यामुळं कापडाचा खर्च जवळपास शून्य. भाकरीचा रुमाल सगळ्यांत जास्त जातो. ज्वारीची भाकरी त्यात दुपारपर्यंत मऊ राहते हे प्रत्येक बाईला न सांगता कळतं.

लहान वस्तूचा आणखी एक गुण उन्हाळ्यानं शिकवला. आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण बाहेर पडतं आणि ओढ्याला, नदीला जातं. नांदेडला गोदावरीच्या घाटांवर त्या दिवसांत गोधड्या वाळत घातलेल्या दिसतात, दोघींनी दोन टोकं धरून पिळलेल्या. चार पदरी गोधडी भिजली की एकटीला उचलत नाही, आणि ती धुवायला नदीच लागते. नदी नसेल तर? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या शहरातल्या सुनेला तुम्ही भलीमोठी गोधडी विकायला गेलात तर ती आधी मनात बादल्या मोजणार. एका स्टॉलवर एका बाईनं मला सरळच विचारलं, "एका बादलीत धुऊन निघते का?" तेव्हापासून आम्ही कापायच्या आधी हे बघतो. बादलीत बुडाली पाहिजे, एकटीला पिळता आली पाहिजे, गॅलरीतल्या दोरीवर दुपारपर्यंत वाळली पाहिजे. कुठल्याच मानक ब्युरोच्या पुस्तकात हे माप नसेल. मराठवाड्यात ते खरं.

सारख्या मापाचं काम हाताला कंटाळवाणं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. तीस आसनं एका मापाची शिवताना बायका गाणी म्हणत नाहीत, टीव्हीवरची मालिका ऐकतात. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड म्हणून कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. कापूस पिकवणाऱ्या गुलामांचे वंशज, नदीच्या वळणात अडकलेलं गाव, आणि बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या. नागरी हक्कांच्या लढ्याच्या दिवसांत, १९६६ मध्ये, त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीकडून त्यांना कॉरडरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. एक माप, एक शिलाई, ठरलेले रंग. पगार नियमित, काम नीरस. पण कापताना उरलेल्या कॉरडरॉयच्या पट्ट्या बायका घरी नेत, आणि त्या जाड, रेघारेघांच्या कापडातून त्यांनी स्वतःच्या माणसांसाठी गोधड्या शिवल्या. २००२ मध्ये गीज बेंडच्या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरलं, त्यांत याही होत्या. २००६ मध्ये तर तिथल्या गोधड्या टपाल तिकिटांवर आल्या. अभ्र्यांना कुणी भिंतीवर टांगलं नाही. तरीही अभ्र्यांनीच घर चालवलं आणि कापडही पुरवलं, हे विसरून चालणार नाही. हातकलेवर लिहिणारे गोधडीची गोष्ट सांगतात, अभ्र्यांचा हिशेब सांगत नाहीत. मी वही लिहिणारी असल्यानं मला अभ्र्यांबद्दल जास्त आदर.

मापासाठी वस्तू कापायची, हे एका मर्यादेपलीकडं गेलं की काय होतं ते बंजारा भरतकामात दिसतं. किनवट, माहूर, मुखेडकडच्या तांड्यांवर अजूनही म्हाताऱ्या बायांच्या अंगावर फेटिया-कांचळी दिसते. आरसे, कवड्या, शिशाचे मणी, आणि टाक्यांची अशी वीण की कापड खाली दिसत नाही. हा वेश म्हणजे बाईच्या उभ्या आयुष्याचं काम. तांड्यावर फिरणारे व्यापारी जुन्या कांचळ्या विकत घेतात, चौकोन कापून काढतात आणि ते पिशव्यांवर, पर्सवर चिकटतात. गोव्यात हणजुण्याच्या बाजारात त्याच पिशव्या परदेशी पाहुणे घेतात. मूळ कपडा संपतो, आणि नवा करणारे हात तोवर ऊसतोडीला गेलेले असतात. कर्नाटकातल्या संदूरच्या लंबाणी, म्हणजे बंजाराच, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं बायका विक्रीसाठी वेगळं, नवं काम करतात. आमच्याकडच्या तांड्यांवरही तसं व्हायला हवं, लवकर. जुनं कापून विकणं हे भांडवल खाणं आहे, एवढं तर मी सातवीच्या वर्गातही शिकवत असे.

या वर्षी गट पहिल्यांदाच माळेगावच्या यात्रेला पाल टाकणार आहे. लोहा तालुक्यातलं माळेगाव, खंडोबाची यात्रा, मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सुमारास. घोडे, गाढवं, उंट, कुत्री, शिवाय घोंगड्या, लोखंडी सामान, मेवामिठाई, लावणीचे तंबू. थंडी कडक, त्यामुळं पांघरणाला गिऱ्हाईक असणारच. पण ते सरकारी प्रदर्शनातलं गिऱ्हाईक नव्हे; भाव केल्याशिवाय सुतळीचा तोडासुद्धा घेणार नाही. सुनांनी एक पाटी रंगवून घेतली आहे, 'एकच भाव'. कुणी दर पाडून मागायचं नाही, हाताच्या कामाचा मान राहिला पाहिजे. मला पाटी पटली. मावशींना अजिबात पटली नाही.

"आवो बाई, भाव करायला माणूस थांबतंय, थांबलं की हात लावतंय, हात लावला की टाका बघतंय. पाटी बघून ते लांबूनच जाईल की."

"मग नुकसान व्हायचं ना, मावशी. सगळे निम्म्यानं मागतील."

"मागू द्या. आपण चाळीस रुपये वर सांगायचे, चाळीस सोडायचे. त्येला बी बरं वाटतंय, आपलं बी जात न्हाई."

यावर बरीच वादावादी झाली. सुनांचं म्हणणं, दाट टाक्याची वस्तू आणि भाजीपाला यांत काही फरक हवा की नको. मावशींचं म्हणणं, खंडोबाच्या यात्रेत घोड्याचासुद्धा भाव रुमालाखाली हात घालून होतो, तिथं आपण कोण लागून गेलो. मी दोन्ही रकाने मांडून पाहिले, वरचे चाळीस धरून आणि न धरून. आकडा मावशींच्या बाजूनं पडला. तरी पाटी टाकून द्यायला कुणी तयार नाही, रंगाचे पैसे गेलेत. ती आता बोचक्यात आसनांच्या खाली घातली आहे. पहिल्या दिवशी काढायची नाही, दुसऱ्या दिवशीचं तिथं गेल्यावर बघू, असं वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.